मधली रात्र

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रार्थनासभेत कोणीतरी उभं राहतं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. मुलाला नोकरी लागली, गाठ साधी निघाली, अडकलेलं कर्ज मंजूर झालं, व्हिसा मिळाला. सगळे ‘हालेलूया’ म्हणतात. मीही म्हणते, मनापासून म्हणते, कारण गाठ साधी निघाल्यावर माणसाचा जीव कसा भांड्यात पडतो हे सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काम करताना मी जवळून पाहिलं आहे. पण या साक्षींमध्ये देवाने आम्हाला काय दिलं ते असतं. त्या देण्यानंतर आमच्या शेजाऱ्याच्या वाट्याला काय आलं, ते फार क्वचित असतं. आणि ज्यांच्याकडे तसं सांगण्यासारखं असतं ती माणसं बहुधा मागच्या बाकावर बसतात आणि उभीच राहत नाहीत.

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आम्हा ख्रिस्ती घरांत पोरांना पाळण्यापासून माहीत असते. यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो. ते त्याला मारून, अर्धमेला करून टाकून जातात. याजक येतो, बघतो, दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, येतो, तोही तसाच जातो. मग एक शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो. संडे स्कूलच्या नाटकात आम्ही हे कितीदा तरी बसवलं. नाटक उतारशाळेच्या दारात संपायचं. फार तर शोमरोनी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवायचा आणि पडदा पडायचा.

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय नीट वाचला तर ते पैसे त्याने ‘दुसऱ्या दिवशी’ दिले आहेत. म्हणजे तो रात्रभर तिथे राहिला होता. अंगभर मार बसलेला माणूस रात्री झोपत नाही. तो कण्हतो, पाणी मागतो, ओकतो, अंथरूण ओलं करतो, मध्यरात्रीनंतर त्याला हुडहुडी भरते. लूकने लिहिलं एवढंच, की त्याने त्याची काळजी घेतली. पुढचं वचन सकाळचं. रस्त्यावर थांबायला धैर्य लागतं आणि पैसे द्यायला दानत लागते, दोन्हीची साक्ष देता येते. त्या दोहोंच्या मधली रात्र कोणाला दिसत नाही. आमचं ख्रिस्ती जगणं खरं की नुसतं नावाचं, याचा बराचसा निकाल त्या रात्रीत लागतो, असं मी माझ्या नोकरीत शिकले.

ज्या रुग्णाला स्वतःचं अंग हलवता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खांद्यामागे, डोक्याच्या मागच्या बाजूला कातडी लाल होते. बोटाने दाबून पाहायचं. दाब काढल्यावरही लाली तशीच राहिली तर धोक्याची पहिली खूण. तेव्हा लक्ष दिलं नाही तर फोड येतो, मग जखम होते, आणि ती आत किती खोल गेली आहे हे वरून कळत नाही. पक्षाघातातून वाचलेला माणूस या जखमेचं विष अंगात भिनून दगावू शकतो.

त्यासाठी चार्ट असतो. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा अशी घरं आखलेली. प्रत्येक घरात डावी, उजवी किंवा पाठ असं लिहायचं आणि सही करायची. पण रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर असते. एका टोकाला कोणाचं सलाईन आउट झालेलं असतं, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचा सिलेंडर बदलायचा असतो, त्यात कॅज्युअल्टीतून नवी ॲडमिशन वर येते. पहाटे पाच वाजता खुर्चीत बसून रात्रभराची सगळी घरं एका दमात भरून टाकणं फार सोपं असतं. तसं करणाऱ्या सगळ्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही, दमलेलं शरीर काय करतं ते मला माहीत आहे. पण ते पकडलं जात नाही हे खरं. सकाळच्या राउंडला चार्ट भरलेला दिसतो आणि रुग्णाला बोलता येत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू ‘गुप्तदर्शी पिता’ म्हणतो. दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांविषयी बोलताना तो म्हणतो, की हे लोकांनी पाहावं म्हणून करू नकोस, तुझा गुप्तदर्शी पिता ते पाहतो. मी त्या यादीत दोन वाजताचं घर घालते. तिथे लिहिलेलं ‘डावी’ खरं असलं पाहिजे. त्या वेळी तो माणूस खरोखर डाव्या कुशीवर असला पाहिजे.

आणि हे मला शिकवलं ते कुठल्या उपदेशकाने नाही. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही एकादश्या करणाऱ्या. वॉर्डातलं घड्याळ त्यांच्या अंगात होतं. “चला सिस्टर, दोन वाजले,” म्हणून त्याच मला उठवायच्या. एकटीने कूस बदलता येत नाही, दोघी लागतात. त्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहायच्या, रुग्णाच्या अंगाखालच्या आडव्या चादरीची, ड्रॉ शीटची, टोकं आम्ही दोघी गुंडाळून घट्ट धरायचो आणि एका वेळी उचलायचो. ओढायचं नाही, ओढलं की कातडी घासते. मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी. शेवटी मावशी चादरीवरून तळहात फिरवून एकूणएक सुरकुती काढायच्या, कारण सुरकुतीही रुतते. आणि हे सगळं करायच्या आधी, पूर्ण बेशुद्ध असलेल्या माणसालासुद्धा त्या वाकून सांगायच्या, “माउली, कूस बदलतो हां.”

येशूने गोष्टीत मुद्दाम शोमरोनी निवडला. ऐकणाऱ्या यहुद्यांना ते लोक नकोसे होते, त्यांची उपासना चुकीची वाटत होती. शेजारी कोण, या प्रश्नाचं उत्तर त्याने आपल्या धर्माबाहेरच्या माणसाकडे बोट दाखवून दिलं. जे ख्रिस्ती लोक असं बोलतात की माया फक्त आमच्याकडे आहे, त्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी. मी मावशींबरोबर रात्री काढल्या आहेत, माझ्याच्याने तसं बोलवत नाही.

घरात मी जो विश्वास पाहिला तोही असाच, कमी बोलणारा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, राहुरी तालुक्यातले शेतकरी. चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना करायला सांगितली तर चार वाक्यांत आटपायचे. त्यांची आणि आमच्या धाकट्या चुलत्यांची, तात्यांची, विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन, थंडीत, पोटरीभर चिखलात उभं राहून दारं धरायची, बांधावर घोणस निघायची. तात्या रात्रीची पाळी चुकवायचे आणि दिवसा आमच्या पाळीचं पाणी आपल्याकडे वळवून घ्यायचे. एका वर्षी आमचा उन्हाळी कांदा ऐन पोसायच्या वेळी पाण्यावाचून ताणला गेला. शब्दाला शब्द लागला, बोलणं बंद झालं. रविवारी चर्चमध्ये दोन घरं दोन बाजूंच्या बाकांवर बसायला लागली.

मग प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, रविवार आला. पाळकसाहेबांनी नेहमीचं वचन वाचलं, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मगच ती भाकर खावी. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आमच्या बाकाशी आलं. अण्णांनी ते तसंच आईकडे सरकवलं. मग द्राक्षरसाच्या छोट्या प्याल्यांचं ताट आलं, तेही सरकवलं. छोट्या मंडळीत ही लहान गोष्ट नसते. सगळ्यांनी पाहिलं, तात्यांनीही पाहिलं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन असं आहे, की तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. चूक कोणाची, हे त्या वचनात विचारलेलंच नाही. कांदा आमचा गेला होता. हिशेबाने पाहिलं तर तात्यांनी यायला हवं होतं.

संध्याकाळी अण्णा एकटे तात्यांच्या वस्तीवर गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आल्यावर आईला फक्त एवढं म्हणाले, “त्याला रात्रीचं दिसत नाही.” तात्यांना रातांधळेपण होतं. घरात लग्नाच्या मुली, बाहेर कळलं तर लोक म्हणतील की हे पोरींतही उतरलं असेल, म्हणून त्यांनी ते सख्ख्या भावापासूनही लपवलं होतं. पाळी चुकवणारा आळशी माणूस म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं होतं.

त्यानंतर विहिरीवरच्या सगळ्या रात्री अण्णांच्या झाल्या. तात्यांचा मुलगा हाताशी येईपर्यंत दोन्ही रानांची दारं तेच धरायचे. तात्यांनी आभार मानले नाहीत. त्यांचं बोलणं मोकळं व्हायलाही बराच काळ गेला, आणि आईला ही व्यवस्था कधीच पुरती पटली नाही. तिचंही खरं होतं. अण्णा रानात गेले की पहाटेपर्यंत दाराकडे कान लावून तीच जागी असायची, आणि त्या जागरणाला समेटात कोणी धरलं नव्हतं. पुढच्या प्रभुभोजनाला अण्णांनी भाकर घेतली, एवढं मला आठवतं.

पंडिता रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनचं नाव घेतलं की आमच्या लोकांना 1905 सालचं संजीवन, म्हणजे विश्वासाला आलेली नवी जाग, आठवतं. तिथे मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या आणि त्याची बातमी देशोदेशी गेली. ते घडलं, आणि मला त्याचा आदर आहे. पण पंडिता रमाबाईंचा विचार करताना माझं मन त्याआधीच्या वर्षांकडे जातं. या बाईने ऐन तारुण्यात दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती, भावाबरोबर पायी देश पालथा घातला होता. भूक म्हणजे काय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलम भागात सिस्टरांनी चालवलेलं एक घर पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या आणि सिस्टर त्यांच्याशी मायेने वागत होत्या. हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपा सदन काढलं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, आणि मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या 2000 च्या घरात गेली. मी नर्स आहे, त्यामुळे हा आकडा वाचला की मला आधी पाणी, संडास आणि अंथरूण दिसतं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम पोटभर जेवायला घालता येत नाही, ते पोटात टिकत नाही. डोक्यात उवा, अंगावर फोड, रात्री स्वप्नांनी दचकून उठणं. असे 2000 जीव, रोज, दोन्ही वेळा. दळण कोणी दळलं असेल? विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा चालवला. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली आणि अंध स्त्रियांना वाचायला शिकवू लागली. ज्या मुली मरायला टेकलेल्या आल्या होत्या, त्यांच्यातल्या काही पुढे छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या.

त्याच छापखान्यासाठी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल करत होत्या. हे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि संस्थेचा भार जिच्यावर टाकायचा ती. तरी काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक छापून पूर्ण झालं तेव्हा त्या नव्हत्या.

इथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. नगर जिल्ह्यातली आमची बहुतेक ख्रिस्ती घरं एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर महार आणि मांग समाजातून आली. माणूस म्हणून ताठ उभं राहता येईल, या आशेने आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज त्याच मंडळ्यांत सोयरीक जमवताना हळूच विचारतात, मूळचे कोणते? कुटुंब प्रार्थनेचं आहे ना, हा प्रश्न त्यानंतर येतो. मला याची चीड येते. एका ताटातली भाकर खाऊन, एका प्रभूचं नाव घेऊन, मुलगी द्यायची वेळ आली की जुनी उतरंड काढून बसणं म्हणजे ती भाकर नाकारणं आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी तर बाप्तिस्म्याच्या आधीच जातपात मनातून काढून टाकली होती. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 मध्ये. मधल्या काळात सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या त्या बाईने स्वतःशी झगडून ते सोडलं आणि मग त्या पाण्यात उतरल्या. आम्ही पाण्यातून बाहेर येऊन चार पिढ्या झाल्या.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र मी कोणाला दोष देत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरं आमच्याकडे आहेत. मंडळीतले काही जण त्यांना कच्चे विश्वासी म्हणतात. ज्याच्या पोरीचं शिक्षण जातीच्या दाखल्यावर अवलंबून आहे त्याला कच्चा म्हणण्याआधी तिची फी भरायची तयारी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. याकोबाच्या पत्रात हेच आहे. उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असं नुसतं म्हटलं, तर त्याचा काय उपयोग?

वॉर्डात लोक विचारायचे, “सिस्टर, तुम्ही ख्रिश्चन का?” काहींच्या आवाजात कुतूहल असायचं, काहींच्या आवाजात संशय. मी हो म्हणायचे. कोणी पुढे विचारलं तर सांगायचे, जेवढं विचारलं तेवढंच. पेत्राने लिहिलं आहे की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. विचारणाऱ्याला, असं लिहिलं आहे. नाकात नळी घातलेल्या, हात बांधलेल्या माणसाने काहीच विचारलेलं नसतं. त्याच्या असहायपणाचा फायदा घेऊन त्याच्या कानात माझा देव घालणं मला पाप वाटतं. मदतीला अट लावली की ती मदत राहत नाही, सौदा होतो. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांनी रात्री मला हाक मारली आणि म्हणाले, “बाई, हरिपाठ येतो का तुम्हाला?” मला येत नव्हता. मी मावशींना बोलावून आणलं. त्या कॉटशेजारी उभं राहून म्हणू लागल्या आणि मी त्यांच्या वाटच्या दोन कॉट पाहिल्या. माझ्या विश्वासाला त्यात कुठेही उणेपणा आला नाही.

निवृत्त झाल्यावर मी मंडळीच्या महिला संघात एक गोष्ट मांडली. सरकारी रुग्णालयात रोज असे रुग्ण येतात ज्यांच्याबरोबर कोणीही नसतं. रस्त्यावर सापडलेले, परगावचे मजूर, घरच्यांनी सोडून दिलेले. केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी’ लिहिलेलं असतं. सिस्टर औषध देते, पण पाणी पाजायला, तोंड पुसायला, ताप चढला तर सांगायला शेजारी माणूस लागतो. तिथल्या मेट्रनबाईंशी बोलून रीतसर परवानगी घेतली. मग नियम ठरवले. बायबल किंवा पत्रिका बरोबर न्यायची नाही. रुग्णाने मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करायची नाही. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. औषधाला आणि सलाईनला हात लावायचा नाही, ते सिस्टरचं काम. कूस बदलायची वेळ झाली की सिस्टरला आठवण करायची आणि दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. प्रार्थनासभेत याची साक्ष द्यायची नाही, हा नियम एका तरुण मुलीने सुचवला आणि त्यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, साक्ष दिली तर अजून लोक येतील. शेवटी तो नियम राहिला, पण तेव्हा नाराज झालेल्या दोघी परत आल्या नाहीत.

दुपारी यायला आता बऱ्याच जणी तयार असतात. रात्रीचं जमवणं अवघड जातं. लहान मुलं असतात, सासू-सासरे असतात, परतीला रिक्षा मिळत नाही. येत्या महिन्याची यादी माझ्यासमोर आहे. मंगळवार आणि गुरुवारच्या रात्री लागल्या आहेत. शनिवारच्या रात्रीला अजून कोणी नाव दिलेलं नाही. उद्या उपासना सुटल्यावर दारात उभं राहून एकेकीला विचारायचं आहे.